राणीखेतच्या घरातील पाइन वृक्षांचे चुकीचे निदान व उपचार यांबाबत तक्रार

दिनांक : 15 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
(उद्यान व मालमत्ता देखभाल कंपनी), पुणे

विषय : पाइन वृक्षांच्या नैसर्गिक पानगळीला रोग ठरवून केलेली फवारणी, खऱ्या दुखण्याकडे झालेले दुर्लक्ष आणि त्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

उत्तराखंडात राणीखेतजवळ असलेल्या आमच्या घराची आणि आवाराची देखभाल वार्षिक कराराने आपल्या कंपनीकडे आहे. आम्ही पुण्यात राहत असल्यामुळे तिकडची झाडे आपल्या माणसांच्या भरवशावर असतात. आवारात चीड जातीच्या पाइनची अकरा जुनी झाडे आहेत. गेल्या मे महिन्यात आपल्या वनस्पतीतज्ज्ञांनी या अकराही झाडांना ‘नीडल ब्लाइट’ हा बुरशीजन्य रोग झाल्याचा अहवाल दिला, त्यावर बुरशीनाशकाची फवारणी केली, बुंध्यांभोवती कीटकनाशकाचे द्रावण आणि युरिया घातला आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सुधारणा न दिसल्यास सर्व झाडे काढून टाकण्याची शिफारस केली. हे निदान चुकीचे होते, उपचार अनावश्यक होते आणि ज्या दोन झाडांना खरोखर मदतीची गरज होती त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नाही, अशी माझी तक्रार आहे.

आपल्या अहवालाचा सगळा आधार केअरटेकरने अंगणातून मोबाइलवर काढलेली छायाचित्रे हा आहे. त्यांत झाडे विरळ आणि पिवळसर दिसतात, हे खरे आहे. परंतु चीड पाइन एप्रिल-मे महिन्यांत तसाच दिसतो. या झाडाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, साधारण 20 ते 30 सेंटिमीटर लांब असतात, एका जुडग्यात तीन असतात आणि त्या फांदीवर एक ते तीन वर्षे टिकतात. उन्हाळ्यात जुन्या सुया पिवळ्या पडून, मग तांबूस होऊन झडतात. कोरड्या, उन्हाच्या उतारावर तर मे महिन्यात झाड जवळजवळ उघडे वाटते. कुमाऊँमध्ये या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात आणि त्या दिवसांत सगळ्या डोंगरउतारांवर पिरूलाचा थर पसरलेला असतो. राणीखेत परिसरात काम करणाऱ्या कंपनीला हे ठाऊक असावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

नैसर्गिक पानगळ आणि रोग यांतला फरक ओळखायला प्रयोगशाळेच्याही आधी एक फांदी हातात घ्यावी लागते. पानगळीत पिवळेपणा फांदीच्या आतल्या बाजूला, जुन्या सुयांवर असतो, टोकाकडची नवी वाढ हिरवीगार असते आणि सूर्याकडच्या किंवा सावलीतल्या अशा कोणत्याही एका बाजूचा पक्षपात दिसत नाही. आपण ज्या रोगाचे नाव घेतले त्यात, म्हणजे डोथिस्ट्रोमा नावाच्या बुरशीत, सुईवर तांबूस आडवे पट्टे उमटतात, पट्ट्यापुढचा शेंडा वाळतो, सुईचे बूड मात्र काही काळ हिरवेच राहते. पुढे त्याच पट्ट्यांत सुईची साल फाडून वर आलेले काळे ठिपके भिंगातून दिसतात. सुरुवात बहुधा खालच्या फांद्यांपासून होते. शेंड्याची करप हा दुसरा रोग असेल, तर नवे कोंबच खुरटतात, तपकिरी होतात आणि त्यांच्यावर राळ साचते. केवळ रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या बाजूचा भाग वाळत असेल, तर बुरशीआधी माती, मुळे आणि पाणी यांचा विचार करावा लागतो. सुईचे वय, फांदीवरची जागा आणि झाडाची बाजू या तीन गोष्टींची नोंद आपल्या अहवालात एकाही झाडापुढे नाही. एकाही सुईचा नमुना घेतल्याचा उल्लेख नाही.

जूनच्या सुरुवातीला मी स्वतः तेथे गेले तेव्हा नऊ झाडांच्या टोकांवर पोपटी रंगाच्या लांब, निरोगी नव्या सुया होत्या. खाली पडलेल्या जुन्या सुया मी मूठमूठ उचलून पाहिल्या. त्या बुडापासून शेंड्यापर्यंत सारख्याच रंगाच्या होत्या, पट्टा किंवा ठिपका कुठेही नव्हता. पावसाळ्यात ही नऊही झाडे भरून आली. दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधींनी हे फवारणीचे यश असल्याचे मला सांगितले. कुंपणापलीकडच्या उतारावर त्याच जातीची, त्याच वयाची झाडे आहेत. त्यांच्यावर कोणी थेंबभरही औषध मारलेले नाही आणि ती आमच्या झाडांइतकीच हिरवी झाली आहेत. दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

क्षणभर निदान बरोबर होते असे धरले, तरी उपचार चुकीच्या वेळी झाला. ताम्रयुक्त बुरशीनाशक रोगट सुई बरी करत नाही. नव्या सुईवर संसर्ग होण्याआधी ते संरक्षक थर म्हणून बसावे लागते आणि या बुरशीचे बीजाणू ओल्या सुयांवरच रुजतात. न्यूझीलंडमध्ये 1964 मध्ये हा रोग सापडल्यावर रेडिएटा पाइनच्या लागवडींवर विमानातून ताम्रयुक्त फवारणी सुरू झाली, कारण तेथे कोवळी झाडे, दमट हवा आणि प्रत्यक्ष आढळलेली बुरशी या तिन्ही गोष्टी होत्या. आमच्या आवारात, कोरड्या मे महिन्यात, गळायला आलेल्या सुयांवर केलेली फवारणी कोणाचे संरक्षण करत होती, याचे उत्तर मला हवे आहे.

कीटकनाशकाबाबत माझी चिंता अधिक आहे. बिलावर इमिडाक्लोप्रिड असे लिहिले आहे, परंतु कोणत्या किडीसाठी ते वापरले हे कुठेही लिहिलेले नाही. हे द्रव्य पाण्यात विरघळते. आमच्या घराच्या खालच्या अंगाला गावाचा नौला, म्हणजे झऱ्याचे बांधीव कुंड, आहे आणि आजही काही घरे त्या झऱ्याचे पाणी पितात. पावसाळा तोंडावर असताना, उतारावरच्या अकरा बुंध्यांभोवती हे द्रावण ओतण्याआधी कोणी नौल्याकडे पाहिले का? कीटकनाशक कायदा, 1968 खाली नोंदणी झालेल्या प्रत्येक उत्पादनाच्या लेबलवर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात पीक, कीड आणि मात्रा छापलेली असते. वापरलेल्या उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा आणि ते नेमके कुठे ओतले याची लेखी माहिती मला द्यावी. हे आमच्यापुरते नाही, खालच्या घरांनाही ती माहिती मिळाली पाहिजे.

जूनच्या त्याच भेटीत आपल्या कामगारांनी गोळा केलेले पिरूल ‘आच्छादन’ म्हणून बुंध्यांना टेकवून रचल्याचे आढळले. उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्यांचा काळ मानला जातो आणि वाळलेले पिरूल हे त्या वणव्यांचे मुख्य इंधन असते. घराच्या भिंतीपासून काही पावलांवर ते ढीग होते. ते मी त्याच दिवशी काढून घेतले.

आता उरलेल्या दोन झाडांविषयी. ही दोन्ही फाटकाजवळची आहेत. दोन वर्षांपूर्वी आपल्याच कंपनीने फाटकापासून घरापर्यंत फरसबंद रस्ता केला, त्यासाठी जेसीबीने चर खणला आणि निघालेली माती व राडारोडा या दोन बुंध्यांभोवती टाकला. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात असतात. एका बाजूने ती तोडली आणि दुसऱ्या बाजूने मातीखाली गुदमरवली, तर परिणाम लगेच दिसत नाही, एक-दोन हंगामांनी दिसतो. या झाडांवरच्या नव्या सुया इतर झाडांच्या निम्म्याही लांब नव्हत्या, शेंडे विरळ झाले होते आणि वाळण्याची सुरुवात रस्त्याच्याच बाजूने झाली होती. एका झाडाच्या सालीच्या भेगांत तांबूस भुसा होता आणि जागोजागी राळेचे थेंब गोठले होते. साल पोखरणारे भुंगेरे दुबळ्या पाइनवर अशाच खुणा ठेवतात. ते झाड ऑगस्टमध्ये पूर्ण वाळले.

आपल्या अहवालात या दोन झाडांपुढे तेच वाक्य आहे जे इतर नऊ झाडांपुढे आहे. मुळे तुटलेल्या, तहानलेल्या झाडाला ऐन उन्हाळ्यात पाण्याशिवाय युरिया दिला गेला, याचा मला सर्वांत अधिक खेद आहे. त्या वेळी बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने काढून मुळांचा गळा मोकळा केला असता आणि पाऊस सुरू होईपर्यंत फांद्यांच्या घेराखाली हळूहळू, खोलवर पाणी दिले असते, तर निदान एका झाडाला संधी होती. या कामाला महागडे औषध लागत नाही. पाहणारे डोळे आणि एक फावडे पुरते. ही झाडे आमच्या घरापेक्षा जुनी आहेत आणि त्यांतले एक आपल्या निष्काळजीपणामुळे गेले, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

झाडे काढण्याची शिफारसही तितक्याच सहजपणे केलेली आहे. त्या राज्यात वृक्षतोडीसाठी 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि कोणत्या झाडाला परवानगी लागते हे वनविभागाला आधी लेखी विचारणे आवश्यक असते. अहवालात त्याचा उल्लेख नाही. उलट तोडीचा आणि लाकूड वाहतुकीचा अंदाजित खर्च मात्र तपशीलवार दिला आहे.

तरी माझी मागणी अशी आहे की, मे महिन्यातील पाहणी, फवारणी, कीटकनाशक आणि खत यांपोटी घेतलेली संपूर्ण रक्कम परत करावी आणि वृक्षतोडीची शिफारस लेखी मागे घ्यावी. फाटकाजवळच्या वाचलेल्या झाडाभोवतीची माती व राडारोडा आपल्या खर्चाने, यंत्र न वापरता, हाताने काढावा. वाळलेल्या झाडाची किडलेली साल आणि लाकूड, वनविभागाशी बोलून, भुंगेऱ्यांची पुढची पिढी बाहेर पडण्याआधी तेथून हलवावे. देहरादूनच्या वन अनुसंधान संस्थेत वनरोगांचा स्वतंत्र अभ्यास होतो. तेथील किंवा तितक्याच पात्रतेच्या वनरोगतज्ज्ञाकडून उरलेल्या दहाही झाडांची प्रत्यक्ष पाहणी करून घ्यावी. तिचा आणि नौल्याच्या पाण्याच्या तपासणीचा खर्च कंपनीने सोसावा. यापुढे नमुना न तपासता आणि माझी लेखी संमती न घेता आवारात कोणतेही रसायन वापरू नये.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याचा मार्ग मला मोकळा आहे आणि तो मी वापरेन. पाहणीसाठी तज्ज्ञ येणार असतील, तर ती ऑक्टोबर संपण्यापूर्वी ठेवावी. त्या सुमारास मी तेथे असेन आणि प्रत्येक झाड सोबत फिरून दाखवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
(वार्षिक देखभाल करारधारक ग्राहक)

सोबत : मे महिन्यातील अहवाल व बिलाची प्रत, जून व ऑगस्टमधील छायाचित्रे, फरसबंदीच्या कामाची पावती