बुटाची नाडी सोडून शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
शि. सा. न. वि. वि.

अभ्यासिकेत आभार मानायला आले तर तुम्ही हातानेच उडवून लावलंत. म्हणून आज चारचौघांत लिहिते आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. कलम २(१६), शिकारीची व्याख्या. त्यात ओळीने सहा शब्द येतात: कॅप्चरिंग, कोर्सिंग, स्नेअरिंग, ट्रॅपिंग, ड्रायव्हिंग, बेटिंग. रग्गड फी घेणाऱ्या क्लासमध्ये मी यांतला फरक विचारला, तर उत्तर मिळालं, "सगळ्यांचा अर्थ पकडणेच. पाठ करा आणि पुढे चला." वर्ग हसला. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीला एवढं पुरे, हा त्यातला सूर मला अजून डाचतो.

अभ्यासिकेत मी याच ओळीवर अडलेली पाहून तुम्ही पुस्तक बाजूला सारलंत, खाली वाकलात आणि स्वतःच्या बुटाची नाडी ओढून काढलीत. तिची सरकगाठ मारून माझं बोट आत घालायला लावलंत. म्हणालात, "घे आता सोडवून." मी हिसका दिला, तशी नाडी आवळली. आणखी ओढलं, आणखी रुतली. "हा स्नेअर, म्हणजे फास. याला ना खटका, ना दार. जनावराचीच ताकद त्याला आवळते." रानडुकरासाठी शेताच्या कडेला लावलेल्या क्लच वायरमध्ये वाघ-बिबटे अडकतात, ते धडपडून का सुटत नाहीत, हे मला त्या संध्याकाळी समजलं. बोटावरचा लाल वळ घरी जाईपर्यंत होता.

बाकीचे शब्द मग भराभर उलगडले. ट्रॅप म्हणजे सापळा, त्यात खटका असतो. कॅप्चर म्हणजे जेरबंद करणं. वनखातंही बिबट्या जेरबंद करतं, पण मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने. कोर्सिंग म्हणजे मागे कुत्रे सोडणं, ड्रायव्हिंग म्हणजे आपला हाका, बेटिंग म्हणजे आमिष दाखवणं. कॅच हा शब्द या यादीत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. "चेंडू कॅच करतात, गाडीही कॅच करतात. कायद्याला इतका ढिला शब्द कसा चालेल?" आणि पुढची ओळ बोट ठेवून वाचायला लावलीत: यांतला प्रत्येक प्रयत्नही शिकारच. म्हणजे फासात काही सापडलं नाही, तरी तो लावणारा सुटत नाही.

सर, तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, मी कोण, कुठली, हेही विचारलं नाहीत. दुसऱ्याचं अडलेलं पाहून न बोलावता पुढे होणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं शिक्षण पुढे सरकतं. त्यांचे फलक कुठे लागत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

पुढच्या महिन्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत हे कलम समजावून सांगायला मला बोलावलं आहे. जंगलाला लागून गाव आहे, रानडुकरांनी लोक खरोखर हैराण आहेत, तेव्हा प्रश्न अवघड येतील. तुम्ही यावं अशी फार इच्छा आहे. सकाळच्या एसटीने निघालात तर वेळेत पोहोचाल, आणि जेवण आमच्याकडेच.

आपली विद्यार्थिनी