याच माणसाला का निवडलं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘क्रिमिनल माइंड्स’ आणि तिच्यातून निघालेल्या स्पिन-ऑफ मालिकांवरचा लेख वाचला. त्यात ‘बियाँड बॉर्डर्स’ला लेखकाने जगभर फिरवून आणणारी मालिका म्हणून एका ओळीत सोडून दिलं आहे. पण त्या फिरण्यातला दुसराच मुक्काम आपली मुंबई होता. त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

माझे यजमान दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. फिस्चुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीत, दोन सुया गेल्या की तो हात जागचा हलवायचा नाही. म्हणून मोबाइल मी धरते आणि एकाच इयरफोनचं एकेक टोक कानात घालून आम्ही दोघं मालिका बघतो. 2005 ते 2020 या काळातले ‘क्रिमिनल माइंड्स’चे पंधरा सीझन आम्ही असेच त्या खुर्चीशी बसून संपवले. आम्हाला ती मनापासून आवडली. विमानात फाइल उघडली की त्यातले एफबीआयचे (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेचे) प्रोफायलर, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगाराचं मन ओळखणारी माणसं, आधी मेलेल्याची चौकशी करतात. तो कुठे राहायचा, कामावरून किती वाजता परतायचा, त्याच्या मागे कोण आहे? खुन्याने याच माणसाला का निवडलं? याला ते व्हिक्टिमॉलॉजी म्हणतात. ज्याच्या नाहीसं होण्याने कुणाचं काही अडत नाही, त्याला गाठणं गुन्हेगाराला सोपं जातं, हे त्या मालिकेने कितीतरी भागांत दाखवलं: रस्त्यावर राहणारी माणसं, घरातून पळालेली मुलं, देहविक्री करणाऱ्या बायका. तपास करणारे त्यांची नावं आठवणीने घेतात, ते मला फार मोलाचं वाटायचं.

पहिली स्पिन-ऑफ 2011 ची ‘सस्पेक्ट बिहेवियर’. फॉरेस्ट व्हिटेकरसारखा ऑस्कर मिळवलेला नट होता, मूळ मालिकेतल्या संगणकतज्ज्ञ गार्सियालाही तिथे नेलं होतं, तरी तेरा भागांत ती बंद पडली. माणसं ओळखीची होईपर्यंत खेळ आटोपला. 2016 मध्ये आली ‘बियाँड बॉर्डर्स’, गॅरी सिनीसची. परदेशात अडचणीत सापडलेल्या अमेरिकी नागरिकांच्या मदतीला धावणारं एफबीआयचं पथक, आणि दर आठवड्याला नवा देश. दोन सीझनमध्ये 26 भाग झाले आणि 2017 मध्ये तीही बंद झाली.

तिच्या दुसऱ्या भागात मुंबईत एका अमेरिकी तरुणाला जाग येते, तर त्याची किडनी काढून घेतलेली असते. हे बघताना यजमानांनी कानातलं इयरफोन काढून ठेवलं. म्हणाले, “बंद कर.” शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनाही माझ्या मोबाइलचा पडदा दिसत होता. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मला राग आला तो मुंबई वाईट दाखवली म्हणून नव्हे. मुंबईत किडनीचा धंदा झालेला आहे, तो झाकायचं कारण नाही. राग याचा की ज्या मालिकेने मला ‘याच माणसाला का’ हा प्रश्न शिकवला, तिच्याच लेकीने तो इथे विचारला नाही. एका अमेरिकी माणसाच्या मागे वकिलात असते, वृत्तवाहिन्या असतात, या कथेत तर अख्खं एफबीआय आहे. किडनीचा कुठला दलाल अशा माणसाला हात लावेल? त्याला ज्याची विचारपूस होणार नाही असा माणूस हवा असतो. 2008 मध्ये गुडगावचं किडनीच्या धंद्याचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा फसवले गेलेले लोक कामाच्या आमिषाने आणलेले रोजंदारीचे मजूर होते. ही मालिका सुरू झाली त्याच 2016 मध्ये, जुलै महिन्यात, मुंबईत खरं प्रकरण बाहेर आलं. त्यात रुग्णाची पत्नी म्हणून उभी केलेली बाई त्याची पत्नी नव्हतीच, कागदपत्रं बनावट होती. गुंगीचं औषध नाही, अंधारी खोली नाही. पैशाची नड, दलाल आणि खोटा विवाहाचा कागद. प्रोफायलरने अभ्यास करायचा तर याचा करावा!

शिवाय बेशुद्ध करून किडनी पळवल्याची गोष्ट मूळची आपली नाहीच. प्रवाशाला बर्फाने भरलेल्या टबात जाग येते, ही अफवा 1990 च्या दशकात अमेरिकेतच फिरत होती. 1997 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांना तिचा जाहीर खुलासा करावा लागला होता. ती अफवा उचलून मुंबईच्या अंगाला चिकटवली.

आता माझ्या घरचं सांगते. माझ्या मोठ्या नणंदबाई भावाला किडनी द्यायला स्वतःहून तयार झाल्या. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, वय 54, बीपी नाही, शुगर नाही. गावी जाऊन आल्या आणि गप्प झाल्या. चार दिवसांनी फोनवर म्हणाल्या, “अगं, सगळे म्हणतायत, शुद्धीवर येशील तेव्हा दोन्ही गेलेल्या असतील. व्हिडिओ पण दाखवला मला.” त्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, इंग्रजी त्यांना येत नाही. पण भीती तीच.

मी त्यांना रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयक मॅडमपुढे नेऊन बसवलं. मॅडमनी त्यांना सगळं कागदावर काढून दाखवलं. रक्तगट, टिश्यू टायपिंग, क्रॉसमॅच, दोन्ही किडन्यांचा सीटी स्कॅन, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. हे सगळं नीट आलं तरच शस्त्रक्रिया. 1994 च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि तो कायदा अगदी सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. सख्खी बहीण असली तरी नात्याचे पुरावे तपासतात. नात्याबाहेरचा दाता असेल तर समितीसमोर मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. वन्संनी एकच विचारलं, “मी मधेच नको म्हटलं तर?” मॅडम म्हणाल्या, “ऑपरेशन थिएटरच्या दारातूनही परत जाता येईल.” हे ऐकल्यावर वन्सं सैल होऊन खुर्चीत टेकून बसल्या.

एफबीआय मुंबईत खरंच आलं होतं, 26/11 नंतर. दार फोडायला नव्हे. अतिरेक्यांच्या जीपीएस यंत्रांमधली माहिती वाचायला. त्यांच्या तज्ज्ञांनी पुढे खटल्यात साक्षही दिली. परक्या देशात त्यांना अटक करायचा अधिकार नसतो, त्या देशाच्या परवानगीने मदत करता येते. खऱ्या तपासाचं हे चिकाटीचं काम मालिकेत आलं असतं तर आम्ही दोघांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं असतं.

माझी विनंती एवढीच आहे. अशा मालिकांवर लिहिणाऱ्यांनी तो मुंबईचा भाग बघून त्यावर लिहावं. आणि पुरवणीत एक चौकट जिवंत दात्याच्या तपासण्यांवर आणि कायद्यावर छापावी, साध्या मराठीत, मोठ्या टायपात. वन्संच्या गावात आपलं वर्तमानपत्र एसटीने दुपारी पोचतं आणि वाचनालयात संध्याकाळपर्यंत हातोहात फिरतं. मला ते कात्रण तिथल्या फलकावर लावायचं आहे.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)