राजाचे लाडाचे नाव

महोदय,

लांब नाव आखूड केले की ते बिघडते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते मुळीच पटत नाही.

बीड या इंग्रज भिक्षूने ७३१ साली पूर्ण केलेल्या इतिहासात एक प्रसंग आहे. पूर्व सॅक्सन या इंग्लंडमधल्या लोकांचा राजा सॅबर्ट ६१६ च्या सुमारास वारला. त्याच्या तिन्ही मुलांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. बिशप मेलिटस चर्चमध्ये लोकांना प्रसाद देताना पाहून त्यांनी विचारले, आमच्या बाबांना, साबाला, देत होता ती पांढरी भाकरी आम्हाला का नाही? बीड मुद्दाम सांगतो, की मुले बापाला साबाच म्हणत.

आता हा साबा कसा झाला ते पाहा. मूळ नाव दोन शब्दांचे : ‘सॅ’ म्हणजे समुद्र, ‘बर्ट’ म्हणजे तेजस्वी. पहिला शब्द ठेवला, दुसऱ्यातला नेमका ‘ब’ उचलला, शेवटी ‘आ’ लावला. याला गबाळेपणा कसे म्हणावे? ही तर घडण आहे. गॉथ या जुन्या जर्मानिक टोळीचे लोक आखूड नावाला ‘इला’ जोडत. चौथ्या शतकात बायबल गॉथिकमध्ये आणणारा वुल्फिला म्हणजे ‘छोटा लांडगा’. पुढे जर्मनीत हाइनरिखचा हाइन्त्स झाला, कोनराडचा कुन्त्स.

दोन शब्द जोडून नाव ठेवायची रीत संस्कृतातही तितकीच जुनी. ती नावे आखूड कशी करावीत, याची सूत्रे खुद्द पाणिनीने दिली आहेत : देवदत्ताचा देविक, नाहीतर देविल.

– एक वाचक, सांगली