बोर्ड बदलण्याआधी फिल्टर उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि अधूनमधून खानापूरकडे मी वॉशिंग मशीन दुरुस्तीची कामं करतो. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे कपडे वाळायचं नाव नाही. घरोघरी मशीन जास्त चालते आणि याच दिवसांत एक वाक्य सारखं ऐकायला मिळतं, "बोर्ड गेलाय म्हणून सांगितलंय." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. तो बदलायचा म्हणजे हजारांत खर्च. बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. वळवाच्या विजांत, व्होल्टेज वरखाली झालं की तो जळतो, म्हणून ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा असं मी प्रत्येक घरात सांगतो. पण 'बोर्ड गेला' म्हणून सांगितलेल्या बऱ्याच मशीनमध्ये बिघाड दुसऱ्याच जागी निघतो. चांगली चालणारी मशीन एवढ्यासाठी भंगारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

परवाचंच वडगावातलं घर सांगतो. घरात यंत्रमाग, न्हाणीघराशेजारी फ्रंट लोड मशीन. अक्का म्हणाल्या, "पाणीच जाईना झालंय बघा. वर 'ओई' की काय ते येतंय. एकजण बघून गेले, बोर्ड घालायला पाहिजे म्हणाले. पोरगं म्हणतंय नवीनच घेऊया." एलजीच्या मशीनवर 'ओई' आलं तर त्याचा अर्थ पाणी बाहेर जात नाही, एवढाच. प्लग काढला, मशीनच्या पुढच्या बाजूचं खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं, पसरट ताट लावून बारीक नळीतून साचलेलं पाणी सोडलं आणि गोल फिल्टर फिरवून बाहेर ओढला. शर्टाचं बटण, गंजलेली सेफ्टी पिन आणि सुताचा हा एवढा गुंता! आत बॅटरी मारून बघितलं तर पंपाच्या पात्याला मागाचं सूत घट्ट गुंडाळलेलं. चिमट्यानं एकेक धागा ओढून काढला आणि पातं बोटानं फिरवलं. ते सरळ फिरत नाही, आतल्या चुंबकामुळं झटके देत फिरतं. तसं फिरलं तर पंप चांगला आहे. फिल्टर बसवून मशीन लावली, पाणी गेलं. एकही पार्ट बदलावा लागला नाही.

वडगाव, खासबागेत ज्यांच्या घरी माग आहेत, त्यांनी हा फिल्टर महिन्यातून एकदा तरी काढावाच. कामाच्या कपड्यांना चिकटलेलं सूत शेवटी तिथंच जाऊन बसतं.

दुसरी तक्रार पाणी न येण्याची. त्यात 'व्हॉल्व्ह गेला' म्हणून सांगतात. फ्रंट लोडचा व्हॉल्व्ह नीट उघडून पाणी घ्यायला थोडा तरी दाब लागतो. कंपनीप्रमाणे आकडा बदलतो, पण 0.3 बार (बार हे दाबाचं माप) धरला तरी टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा फूट उंच हवं. बैठ्या घराच्या स्लॅबवर टाकी ठेवली तर तेवढी उंची भरत नाही. अशा ठिकाणी कितीही नवे व्हॉल्व्ह घाला, मशीन पाण्याची वाटच बघत बसणार. टाकी स्टँडवर चढवा, नाहीतर छोटा प्रेशर पंप लावा. त्याआधी मागची पाण्याची नळी सोडून व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी पकडीनं हलकेच ओढून काढा आणि जुन्या टूथब्रशनं धुवा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, बोअरच्या पाण्यात रेती येते, ती सगळी या जाळीवर बसते. मशीन पाणी घेतच राहते आणि भरत मात्र नाही, असं असेल तर सांडपाण्याची नळी जमिनीवर लोळतेय का बघा. तिचं तोंड साधारण दोन-तीन फूट उंच पाहिजे, नाहीतर घेतलेलं पाणी आपोआप निघून जातं. आणि धुणं झाल्यावर दार लगेच उघडलं नाही म्हणून हँडल हिसकू नका. लॉक सुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतातच. हिसकून तोडलेली हँडलं मी नेहमी बघतो.

येळ्ळूर, कडोलीसारख्या गावांत आणि खानापूर भागात अजून सेमी-ऑटोमॅटिक जास्त. तिथं 'मोटार जळाली' ही हाकाटी. मोटार घुं घुं करते, फिरत नाही आणि हातानं धक्का दिला की फिरायला लागते, असं असेल तर आधी कपॅसिटर, म्हणजे मोटारीला फिरायला जोर देणारा छोटा पार्ट, बघायचा. मोटारीच्या मानानं तो अगदी स्वस्त. त्याच्यावर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट छापलेले असतात. मायक्रोफॅरड होता तेवढाच घ्यायचा. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. 'थोडा मोठा घाला, जोरात फिरेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यानं मोटार तापते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो, म्हणून हे काम घरी करू नका, जाणकाराकडूनच करून घ्या.

आता पार्ट निवडण्याचं. स्पिनला लागल्यावर विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागला, की मशीन बंद करून ड्रमची कड आतून धरून वर उचलून बघा. ड्रम खडखड हलला तर बहुतेक बेअरिंग गेलं. हे बेअरिंग फक्त मशीनच्या कंपनीकडंच मिळतं असा समज आहे, तो खरा नाही. त्याच्या कडेवर नंबर असतो, बहुतेक 6204, 6205 किंवा 6206. 6205 म्हणजे आतला व्यास 25 मिलिमीटर, बाहेरचा 52, जाडी 15. कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी माप हेच. उद्यमबागेत आयुष्य काढलेल्यांना हे मी सांगायला नको. चांगल्या कंपनीचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग पक्क्या बिलावर घ्या. फार स्वस्त मिळालं तर ते नकली असण्याचीच शक्यता जास्त. बेअरिंगबरोबर ऑइल सील बदललंच पाहिजे, कारण सील झिजून पाणी आत गेलं म्हणूनच बहुतेक बेअरिंग गंजतं. सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी छापलेली असते. ड्रम बाहेर काढलाच आहे तर मागचा तीन पायांचा अ‍ॅल्युमिनियमचा स्पायडरही तपासून घ्या. साबणाच्या पाण्यानं तो आतून खातो, पाय मोडायला आलेला असला तर नवं बेअरिंगही टिकत नाही.

बोर्ड, दाराचं लॉक आणि दाराचं रबर यांचं मात्र तसं नाही. हे त्या त्या मॉडेलचेच लागतात. दिसायला सारखे दोन बोर्ड, आतला प्रोग्रॅम वेगळा. म्हणून मशीनच्या मागं किंवा दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीचा, मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येईल असा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पट्टी काही वर्षांत पुसली जाते.

शहरातल्या दुकानदारांना एक कळकळीची विनंती. काही मशीनचा बाहेरचा टब स्क्रूनं जोडलेला नसतो, दोन भाग वितळवून एकत्र केलेले असतात. त्यात शेदोनशेच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलावा लागतो. हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. 'दहा वर्षांची वॉरंटी' ही बहुतेक वेळा फक्त मोटारीवर असते, बोर्डावर नसते, मजुरीवरही नसते, हेही सांगा. मशीन घेणाऱ्यांनीही या दोन गोष्टी पैसे मोजायच्या आधी विचाराव्यात.

दुरुस्तीला कोणीही येऊ दे, मी येऊ दे नाहीतर कंपनीचा माणूस, बिघाड डोळ्यांनी दाखवायला सांगा, बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या आणि काढलेला जुना पार्ट ताब्यात घ्या. वॉरंटीतल्या कामात जुना पार्ट कंपनी नेते, पण स्वतःच्या पैशानं बदललेला पार्ट आपलाच असतो. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यावर बऱ्याच कंपन्यांच्या सुट्या भागांची, दुरुस्तीची आणि वॉरंटीची माहिती आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, तिथं मराठीतूनही तक्रार सांगता येते. फोन करताना बिल आणि तो मॉडेल नंबरचा फोटो जवळ ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक वॉशिंग मशीन कारागीर,
शहापूर, बेळगाव