यंदा पंगत नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगून उपयोग नाही म्हणून लिहितेय. फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि पाठोपाठ काकूला फोन लावून पुरणाला डाळ किती घालायची ते ठरवते. तर ऐका. तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरी पंगत नाही, बुफे आहे. आचाऱ्याला दादानं आणि मी मागच्या रविवारी ॲडव्हान्स देऊनही टाकला. माणसं साठ. बाबांच्या यादीतल्या बाकीच्या नव्वदांचं दादा तुमच्याशी वेगळं बोलेल, त्यात मी पडत नाही.

बाबा, "उभ्यानं खायला आपण काय टांग्याचे घोडे?" हे मला पाठ आहे. म्हणून अंगणात चाळीस खुर्च्या सांगितल्यात. सांगलवाडीचे मामा, हरिपूरची आत्या, तुम्ही आणि गुडघेवाली सगळी मंडळी, अशा दहा-बारा जणांना टेबलावर बसवून रीतसर वाढू. वाढायला मी, वहिनी आणि पोरं. आई नाही.

खरं कारण एवढंच आहे. पंगत म्हटलं की कुणीतरी वाढत राहायला लागतं आणि आपल्याकडे ते कुणीतरी कायम आईच. दादाच्या साखरपुड्याला शेवटची पंगत उठली तेव्हा चार वाजून गेले होते. मी पाणी प्यायला आत आले, तर तू मोरीच्या उंबऱ्यावर बसून पातेल्याच्या कडेचा लागलेला मसालेभात उलथण्यानं खरवडत होतीस आणि तळहातावर घेऊन खात होतीस. ताटसुद्धा घेतलं नव्हतंस, आणखी एक घासायला नको म्हणून. जिलबी विचारली तर म्हणालीस, "संपली गं, पण माणसं खूश झाली." मी पाणी प्यायले आणि बाहेर निघून गेले. लहानपणी माझ्या वाटची जिलबी मात्र दर वेळी दुधाच्या पातेल्यामागे झाकून ठेवलेली असायची.

तुझ्या हातची चव नको असं कुणाच्याही मनात नाही, उगाच तसं घेऊ नकोस. मसालेभाताला गोडा मसाला तुझाच जाणार, आचाऱ्याला तसं सांगितलंय. देवाचा नैवेद्य तूच कर. मठ्ठ्यात मीठ किती ते तू चाखून सांगायचंस, त्याशिवाय तो बाहेर जाणार नाही. पण ओट्याशी उभं राहणं नाही.

बेत साधाच आहे: मसालेभात, पुरी, भरली वांगी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा. हिशेब सत्तरचा धरलाय. तांदूळ सहा किलो, पुऱ्या माणशी पाच, वांगी दोन-दोन, जिलबी सात किलो, मठ्ठा बारा लिटर. बाबा, तुम्ही हे वहीत तपासून बघणार हे माहीत आहे, खुशाल बघा. फक्त गणपती पेठेत जाऊन आणखी दहा किलो तांदूळ आणू नका.

मांडणीवर मी बराच विचार केलाय. टेबल भिंतीला चिकटवायचं नाही, दोन्ही बाजूंनी रांग चालली की गर्दी निम्मी होते. ताटं सुरुवातीला, पण चमचे आणि कागदी रुमाल शेवटाला, नाहीतर एका हातात सगळं धरून माणूस वाढून कसं घेणार? अळूच्या वाट्याही शेवटीच. जिलबी, मठ्ठा आणि पाणी पार तुळशीपाशी, वेगळ्या टेबलावर, म्हणजे तिथं घुटमळणारे मुख्य रांग अडवणार नाहीत. लवकर येणाऱ्यांसाठी ओसरीवर भडंगाच्या वाट्या. पुऱ्या मात्र खाली गरम पाणी असलेल्या त्या चकचकीत भांड्यात ठेवू देणार नाही, वाफेनं त्यांचं चामडं होतं. टोपलीत फडकं घालून ठेवायच्या आणि दोन घाण्यांत तळायच्या. कोशिंबिरीत दही आयत्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं.

आता मुकाट्यानं ऐकायच्या गोष्टी. २०१९च्या पुरात माळ्यावर चढवलेली मोठी पातेली तिथंच राहू देत. आचारी त्याची भांडी आणतोय. आई, स्टुलावर चढलीस तर मी खरंच येणार नाही. (येईन, पण बोलणार नाही.)

बाबा, मिरजेच्या लग्नात काय झालं ते उकरून काढत नाही. पण इन्सुलिन टोचून पाहुण्यांच्या स्वागताला फाटकात उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळात जेवायचंच, मग कुणी का येईना. जिलबी अर्धी. उरलेली अर्धी मी खाईन.

आणि उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकणं बंद. सकाळी कितीही परतला तरी रात्रभरात बिघडलेला भात सुधारत नाही. जेवणं आटोपली की पसरट डब्यांत काढून लगेच फ्रिजमध्ये, किंवा शेजारी वाटून टाकू. दादानं डबे आणलेत.

पहिली ताटं तुम्हा दोघांची. नैवेद्य दाखवला की आईनं ताट घेऊन रांगेत पुढं उभं राहायचं, वाढून घ्यायचं आणि आत्याशेजारी बसून जेवायचं. मध्ये कुणी "वहिनी, पुरी संपली" म्हणालं तरी उठायचं नाही. मी बघत असणार आहे.

शुक्रवारी रात्री पोचते. स्टेशनवर येऊ नका, रिक्षा मिळते.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पण मोरीच्या उंबऱ्याचं सोडून. काकूला पुरणाचं नाही म्हणून कळवा. नाहीच ऐकलं तर दहा पोळ्या, अकरावी नाही.