तुझ्या गुडघ्याबद्दल, इतक्या वर्षांनी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन निरोप आले, फोनही येऊन गेला. ‘रात्री करतो’ म्हणालो आणि ती रात्र काही उजाडली नाही. रागावला असशील तर तो राग रास्त आहे. आज मात्र लिहितोय, कारण जे घडलंय ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

आमच्या तब्येती ठीक. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईला कमी ऐकू येतं, बाकी बरं.

धाकटीचा गुडघा गेला.

बास्केटबॉलची मॅच होती. तिने उंच उडी मारून रिबाउंड घेतला, एका पायावर उतरली आणि उतरता उतरताच पास द्यायला वळली. पाऊल जमिनीवर रुतून राहिलं, गुडघा आतल्या बाजूला वाकला आणि वरचं अंग फिरलं. कुणाचा साधा धक्कासुद्धा नव्हता. मी धावत पोचलो तर दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली होती. म्हणाली, “बाबा, आत काहीतरी फट् झालं.”

शब्द न् शब्द तुझा. पेनल्टी बॉक्सच्या कडेला तू असाच बसला होतास, असंच म्हणाला होतास. आणि मी, तुझा कप्तान, काय म्हणालो होतो तेही मला आठवतंय. तुलाही आठवत असणार. “मुरगळलाय, बाकी काही नाही. पट्टा आवळतो, ऊठ.”

तासाभरात तिच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आले. बोटाने दाबलं तर आत पाणी हलावं तसं लागत होतं. आता डॉक्टरांकडून कळलंय की गुडघा असा दोन-तीन तासांत टम्म फुगला तर आत बहुधा रक्त साचलेलं असतं, आणि फट् आवाज, लगेच सूज, खेळ जागेवर थांबणं ही तिन्ही एकत्र आली की पहिला संशय पुढच्या क्रूशिएट लिगामेंटवर, म्हणजे एसीएलवर घ्यायचा. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी. नुसती गादी, म्हणजे दोन हाडांमधली कूर्चेची चकती, फाटली तर सूज बहुतेक वेळा सावकाश, दुसऱ्या दिवशी चढते. तुझा गुडघा हाफ-टाइमपर्यंतच मोज्यातून वर आला होता. मी तो पाहिला होता रे. पाहूनही दुसऱ्या हाफला तुला उतरवलं.

माझी त्या वेळची समजूत कुठून आली तेही आता उमगलंय. लंबूमुळे. त्याला आदल्याच वर्षी बाहेरच्या बाजूने टॅकल बसला होता, गुडघा आत वाकला, आतल्या कडेला दुखायचं. सहा आठवडे पट्टा लावला आणि गडी पुन्हा धावायला लागला. मी धरून चाललो की गुडघा म्हणजे गुडघा, लंबूचा बरा होतो तर तुझा का नाही. पण लंबूचं होतं आतल्या कडेचं लिगामेंट, एमसीएल. ते सांध्याच्या बाहेरच्या आवरणात असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे नीट आधार दिला की बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय जुळून येतं. एसीएल सांध्याच्या मधोमध असतं. तिथल्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून पूर्ण तुटलेली दोन टोकं आपोआप घट्ट जुळणं अवघड. दादाच्या गाडीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आपटला होता ना, ते आणखी तिसरंच, मागचं पीसीएल. आणि चौथं बाहेरच्या कडेचं, एलसीएल. चार दोऱ्या, चौघींचं वागणं वेगळं, आणि आपण सगळ्यांवर एकच पट्टा आवळत होतो.

या वेळी मैदानावर एक गृहस्थ तेल घेऊन आले, पाय ओढून ‘शीर बसवतो’ म्हणाले. मी त्यांना हात लावू दिला नाही. पाहुणा असता तरी लावू दिला नसता. तिला पायावर उभं केलं नाही, फडक्यात गुंडाळून बर्फ धरला, पंधरा-वीस मिनिटं धरायचा आणि काढायचा. लवचिक पट्टी बांधली, पाय उंच ठेवला. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही. तुला आठवडाभर मालिशवाल्या काकांकडे मीच खांद्यावर हात टाकून नेत होतो. तू दात आवळून सोसायचास आणि मी म्हणायचो, “दुखतंय म्हणजे लागू पडतंय.”

(तो गोल ऑफसाइडच होता, हे मात्र मी आजही म्हणणार. माफी मागायला बसलोय म्हणून सगळंच कबूल करीन असं समजू नकोस.)

त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. हाड शाबूत. तिथे सांगितलं, “लचकलाय, आठ दिवस विश्रांती.” किती हलकं वाटलं मला! पण एक्स-रेत लिगामेंट दिसतच नाही. हाडाचा तुकडा उडालाय का एवढंच कळतं. पाचव्या दिवशी सूज उतरली, ती चालायला लागली, आम्ही सगळे खुशीत. मग हाक ऐकून ती दारात झटकन वळली आणि गुडघा निसटला. पडली नाही, चौकट धरली. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की हे लचकणं नाही. “बाबा, पाय माझा नसल्यासारखा वाटला,” म्हणाली.

त्यानंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी काय केलं ते तुला सविस्तर सांगतो, कारण तुझ्या बाबतीत हे कुणी कधी केलंच नाही. आधी पावलावरची नाडी बघितली, पाऊल आणि बोटं वर उचलायला लावली. एकाहून जास्त लिगामेंटं तुटली असतील तर सांधा निखळून परत बसलेला असू शकतो, आणि त्यात गुडघ्यामागची रक्तवाहिनी किंवा बाजूची नस दुखावलेली असू शकते. रक्तवाहिनी दुखावली असेल तर ती अगदी तातडीची गोष्ट, तासांचा हिशोब. मग चांगला गुडघा घेतला. जेमतेम वीस-तीस अंशांत वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी, आणि नडगी पुढे ओढली. टक्कन थांबली. मग दुखरा. नडगी पुढे आली, आणखी आली, आणि टक् काही आलंच नाही. शेवटी नुसतं मऊ मऊ काहीतरी. त्यांनी माझाच हात तिथे ठेवून पुन्हा करून दाखवलं. बोटांना कळलेली ती गोष्ट अजून जात नाही. याला लॅकमन चाचणी म्हणतात, अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्या दिवशी सूज असते, दुखण्याने मांडीचे स्नायू आखडलेले असतात, तेव्हा ती फसवी निघू शकते. म्हणून सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यायलाच हवी. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

एमआरआयने शिक्कामोर्तब केलं. एसीएल पूर्ण तुटलंय, आतल्या कडेचं थोडं ताणलंय, गादी शाबूत आहे. गादी फाटून सांध्यात अडकली असती तर गुडघा सरळच झाला नसता, तेव्हा थांबण्यात अर्थ नसतो.

आता माझी खरी काळजी. ऑपरेशन करायचं की नाही.

चार रात्री मी हेच वाचतोय. दुर्बिणीतून करतात, तुटलेलं शिवत बसत नाहीत, बहुधा तिच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची स्नायुरज्जू घेऊन नवीन दोरी बसवतात. स्वीडनमधला एक अभ्यास 2010 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. 121 तरुण, काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी नुसता व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 30 जणांनी ऑपरेशन करून घेतलेलं, बाकीच्यांचं त्यावाचून भागलं. वाचून एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, ती माणसं 18 ते 35 वर्षांची, आणि ही सतराची. हिला उड्या मारायच्या, वळायचंय, थांबायचंय. हिचा गुडघा दारात वळतानाच निसटलाय. आणि दर निसटण्यात गादी चिरडायची भीती. डॉक्टरांचा कल ऑपरेशनकडे आहे, पण घाई नाही म्हणाले. आधी सूज पूर्ण जाऊ दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मांडीत जोर येऊ दे. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो कायमचा ताठर राहण्याचा धोका असतो. ऑपरेशन करा वा करू नका, पुढे झिजेचा संधिवात होण्याची शक्यता वाढलेलीच राहते, हेही त्यांनी तिच्यादेखत सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं उठून तिला बाहेर न्यावं. नेलं नाही, गुडघा तिचा आहे.

सध्या फिजिओ येतात. मी मायेने तिच्या गुडघ्याखाली उशी देत होतो. त्यांनी ती पहिल्याच दिवशी काढली आणि गुंडाळी करून टाचेखाली ठेवली. उशीने वाकलेला गुडघा वाकलेलाच राहतो, सरळ व्हायला टाच उचलून धरावी लागते. मग म्हणाल्या, “वाटीच्या वरचा स्नायू आवळ.” पोरगी डोळे मिटून आवळतेय, कपाळावर घाम, आणि मांडी ढिम्म. स्नायूला काही झालेलं नाही बरं का, सांधा सुजला की त्याला वरून हुकूमच पोचत नाही. तीन दिवस आम्ही दोघं त्या मांडीकडे टक लावून बसलो होतो. चौथ्या रात्री साडेदहाला वाटीच्या वर, आतल्या बाजूला, एक बारीकशी थरथर झाली. मग पुन्हा झाली. मी आईला उठवलं. तिला ऐकू आलं नाही, पण आम्ही हसतोय म्हणून तीही हसली.

पोरीचा एकच प्रश्न, निवड चाचणीला उभी राहीन का? ऑपरेशन झालं तर निदान नऊ महिने नाही. नवी दोरी मधल्या काळात आधी कमजोर होते आणि मग धरते, आणि तेव्हाच दुखणं थांबलेलं असल्याने पोरांना वाटतं आपण बरे झालो. 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळायला परतणं दर महिन्याने लांबवलं, तर गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्याने घटतं. आणि नुसते महिने मोजून भागत नाही, दुखऱ्या पायाचा जोर आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरायला हवी. हे तिला सांगितल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तू दोन वर्षं बोलला नव्हतास, त्या मानाने बरं.

त्या दोन वर्षांबद्दल. तीन आठवड्यांनी तू परत उतरलास, वळताना पाय निसटला, पुन्हा निसटला, आणि तू बूट काढून माझ्यासमोर ठेवलेस. मी सगळ्या टीमसमोर तुला घाबरट म्हणालो. तू घाबरला नव्हतास. तुझ्या गुडघ्यात दोरीच नव्हती, आणि तू तसाच 45 मिनिटं माझ्यासाठी धावला होतास. धाकटीने परवा विचारलं, “बाबा, तुमच्या त्या मित्राचं पण असंच झालं होतं ना? त्यांनी काय केलं?” मी सांगितलं, त्याचं आम्ही कुणी ऐकलंच नाही. तो शब्द मी परत घेतो. फार उशिरा घेतोय, ठाऊक आहे.

तू जिना आडवा आडवा उतरतोस, ते वय नव्हे. एकदा दाखव. ऑपरेशन कर म्हणत नाही, इतक्या वर्षांनी बहुधा गरजही नसेल, पण मांडीचा जोर आजही वाढवता येतो आणि त्याने फरक पडतो. मी बरोबर येईन. या वेळी खांद्यावर हात टाकून योग्य ठिकाणी नेईन.

तुझ्या बदलीचं काय झालं? थोरल्याचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग आणि म्हणावं, ते पुस्तक माझ्याकडेच आहे, हरवलेलं नाही. महिन्याअखेरीला डॉक्टर पुन्हा तपासणार आहेत, त्याआधी तुझा आवाज ऐकायचाय. धाकटीलाही तुझ्याशी बोलायचंय, ती माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकेल.

तुझाच.

ता. क. आज रात्री दोन्ही पाय सरळ पसरून बस, वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटीमीटर मोजून तिथे खूण कर आणि टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोज. दोन्ही आकडे मला कळव. धाकटीचे आहेत 46 आणि 43.