एक्सेंट्रिक म्हणजे विक्षिप्त नव्हे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या चित्रांना कुणी 'एक्सेंट्रिक' म्हटलं आणि तू ते फार मनाला लावून घेतलंस. शब्दकोशात 'विक्षिप्त, लहरी, चक्रम' वाचून वाईट वाटणारच. पण मला हा शब्द अतिशय प्रिय आहे, आणि त्याचं कूळ तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तो मूळचा खगोलशास्त्रातला. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे अणकुचीदार टोक, बैलाला टोचायची पराणी. कंपासचं जे टोक एका जागी रुतून बसतं तेही केंट्रॉनच. (आपलं 'केंद्र'सुद्धा ज्योतिषाबरोबर ग्रीकमधूनच संस्कृतात आलं.) 'एक्' म्हणजे बाहेर. ज्याचं केंद्र बाहेर सरकलंय, ते एक्सेंट्रिक.

कशापासून सरकलंय? पृथ्वीपासून. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञापुढे प्रश्न होता की ऋतू सारखे का नाहीत. वसंत 94½ दिवसांचा, उन्हाळा 92½ दिवसांचा. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सूर्य पृथ्वीभोवती एकाच गतीने फिरत असेल, तर हा फरक यावा कुठून? त्याने सूर्याच्या वाटेचं वर्तुळ मोडलं नाही, गतीही बदलली नाही. फक्त वर्तुळाचा मध्य पृथ्वीपासून त्रिज्येच्या 1/24 इतका बाजूला नेला, आणि हिशेब जुळला! पुढे टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञानेही तीच मांडणी घेतली.

म्हणजे बघ, यात बिघडलेलं काहीच नाही. वर्तुळ पुरं आहे, चाल नेमकी आहे. आपण जिथे उभे राहून पाहतो तिथे त्याचं केंद्र नाही, एवढंच. सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द माणसांच्या वागण्याला लावू लागले, तेव्हा ही बाजू हरवली आणि उरलं ते नुसतं वेगळेपण.

'विक्षिप्त' तर मला साफ चुकीचं वाटतं. योगशास्त्रात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्यात. त्यात विक्षिप्त म्हणजे मधूनमधून स्थिरावणारं, पण पुन्हा भरकटणारं चित्त. त्याच्या पुढची पायरी एकाग्र. वर्षानुवर्षं पाण्यावरचा उजेडच रंगवणारा तू या दोहोंपैकी कोण, ते तूच ठरव.

आणि वाफेच्या इंजिनातला एक्सेंट्रिक तुला ठाऊक आहे का? मध्यावर आस नसलेली चकती. ती फिरते तशी झडप पुढेमागे सरकते आणि सिलिंडरला वाफ मिळते. आस बरोबर मधोमध बसवली, तर चकती जागच्या जागी फिरत राहील आणि झडप हलणारच नाही.

ते मोठं चित्र अर्धवट ठेवलंयस असं लिहिलंस. ते पुरं कर, मला पाहायचंय.

तुझाच